जिंकलो! पण कितीनं?

मॅच जिंकल्यावर माणसानं काय करावं? पार्टी! आपण मात्र आधी मोबाइल काढतो, पॉइंट्स टेबल उघडतो आणि शेवटच्या कॉलममधला तो अधिक-उण्याचा आकडा बघतो. नेट रन रेट. सात विकेट्सनं मॅच मारलेली असते, तरी ग्रुपवर कुणीतरी रडतंच, 'दोन ओव्हर आधी संपवायला हवी होती राव!' पोरगं पास झालं म्हणून पेढे द्यावेत आणि शेजारच्या काकूंनी 'ते ठीक आहे, पण टक्के किती?' असं विचारावं, तसला हा आकडा.

माझा आकड्यांवर राग नाही. महिन्याच्या सात तारखेला माझाही पगार आकड्यातच येतो. पण मॅच एकतर्फी झाली की हा कॉलम काय काय करायला लावतो, ते बघण्यासारखं आहे.

हिशेब सोपा आहे. तुम्ही दर ओव्हरला किती रन काढलेत, त्यातून समोरच्यानं दर ओव्हरला किती काढले ते वजा करा. मेख एकच. तुम्ही ऑल आउट झालात, तर खेळलेल्या ओव्हर धरत नाहीत, पूर्ण कोटा धरतात. २०१९च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानला हे फार महागात पडलं. पहिल्याच मॅचमध्ये वेस्ट इंडिजसमोर ते १०५ मध्ये गुंडाळले गेले. हिशेबात ते पन्नास ओव्हरमध्ये १०५ झाले, म्हणजे ओव्हरला २.१. वेस्ट इंडिजनं १३.४ ओव्हरमध्ये काम संपवलं, म्हणजे ओव्हरला जवळपास आठ. शेवटी पाकिस्तान आणि न्यूझीलंडचे पॉइंट्स सारखेच झाले, ११-११. त्या दोघांच्या आपसातल्या मॅचमध्ये पाकिस्तान जिंकलं होतं. तरी सेमीफायनलला गेलं न्यूझीलंड! महिनाभर आधी एका दुपारी किती वाईट हरलात, हे समोरासमोर कोण जिंकलं त्यापेक्षा मोठं ठरलं.

असं एकदा झालं की शहाणा कॅप्टन काय शिकेल? कमजोर टीम समोर आली की सोडायची नाही. पिळून काढायची.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं टीव्हीवरचं. तर मंडळी, जुन्या जालन्यात चला.

या थंडीत चार दिवस घरी होतो. आमचं घर कुंडलिकेच्या अलीकडे, जुन्या जालन्यात. गल्लीतल्या पोरांची टीम टेनिस बॉलच्या एका नाइट टूर्नामेंटमध्ये उतरली होती. आठ ओव्हरची मॅच, चार टीमचा ग्रुप, वरच्या दोघांना सेमी. कॅप्टन एका स्टील कंपनीत सुपरवायझर. शिफ्ट संपवून थेट मैदानावर येणारा, आणि डोक्यानं तल्लख.

आमच्या टीममध्ये माझा अकरावीतला मामेभाऊही आहे. संध्याकाळी मैदानावर सगळ्यांत आधी तोच. स्टंप ठोकणार, पाण्याचा जार आणणार, नालीत गेलेला बॉल काढणार. बॅटिंग मात्र नाही. कॅप्टननं त्याला शब्द दिलेला, 'एखादी सोपी मॅच येऊ दे, तुला वर पाठवतो.'

तिसरी मॅच तशी आली. समोरची टीम चाळीसमध्ये ऑल आउट. यापेक्षा सोपी मॅच कुठली असणार? पण तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. पॉइंट्स बरोबरीत सुटणार होते. हे ४१ रन सहा ओव्हरमध्ये काढले, तर या मॅचचा रेट अधिक १.८३. चार ओव्हरमध्ये काढले, तर अधिक ५.२५. आणि सेमीचं दार चार ओव्हरवाल्या हिशेबात उघडत होतं. झालं! एकामागून एक सगळे हिटर गेले. ३.५ ओव्हरमध्ये मॅच खल्लास. शिट्ट्या, फटाके, सगळं झालं. मामेभाऊ बॅट हातात घेऊन बाउंड्रीवर तसाच उभा. मग त्यानंच स्टंप उपटून पिशवीत भरले.

रात्री गांधी चमनजवळ चहा घेताना मी कॅप्टनला छेडलं. "पोराला थोडं तरी खेळू द्यायचं होतं."

"कामून रिस्क घ्यायची, भाऊ? त्यानं चार बॉल डॉट काढले असते, तर आपण सगळेच घरी."

यावर काय बोलणार? तो बरोबर होता. शब्द द्यायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं, मोडायला मात्र टेबलानं पाडलं. पॉइंट्सपुरता विचार असता, तर चाळीस रनच्या त्या मॅचमध्ये एका नवख्या पोरासाठी भरपूर जागा होती. शेवटच्या कॉलमनं ती जागा खाऊन टाकली. मला खटकतं ते हेच. सोपी मॅच नावाची चीजच संपत चालली आहे. उलट, सोपी मॅच हीच आता सगळ्यांत महत्त्वाची, कारण रेट वाढवायची संधी तिथंच मिळते.

सोप्या मॅचमध्ये कधी थांबायचं, हा प्रश्न जुनाच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, टीम ४ बाद ८२६ वर. ब्रॅडमनच्या ४५२ च्या वर्ल्ड रेकॉर्डला नऊ रन कमी. काठेवाडचे कॅप्टन होते राजकोटचे ठाकूरसाहेब. झाली तेवढी शोभा पुरे म्हणून त्यांनी मॅचच सोडून दिली, टीम घेऊन गेले. भाऊसाहेब तिथंच राहिले. आणि आमच्या जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत, महाराष्ट्राच्या अंडर-१९ टीमकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले. हा आकडा आमच्याकडे चहाच्या टपरीवरही पाठ आहे.

१९४८ ची रणजी बाद पद्धतीची होती, त्यामुळे रेटचा प्रश्नच नव्हता. कधी थांबायचं ते माणसांनी ठरवलं. चुकीचं असेल, चिडून असेल, पण माणसांनी. आज रणजीच्या टेबलात प्रत्येक गोष्टीला भाव आहे. सरळ विजयाला सहा पॉइंट्स, पण डावानं किंवा दहा विकेट्सनं हरवलंत तर सात. पॉइंट्स सारखे झाले आणि बाकीच्या कसोट्यांनीही सुटलं नाही, तर 'कोशंट'. म्हणजे तुम्ही दर विकेटमागे काढलेले रन भागिले तुम्ही दर विकेटमागे दिलेले रन. ४ बाद ८२६ चा हिशेब करा, विकेटमागे दोनशेच्या वर! त्यामुळे समोरची टीम दमलेली असताना डाव सोडायचा की अजून खेळायचं, या प्रश्नाचं उत्तर नुसत्या दिलदारीनं देता येत नाही. दिलदारीला कॉलम नाही.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये हेच चाललंय, फक्त अजून चकाचक. मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेसाठी ६८ टीम निवडतात. त्या निवडीला मदत म्हणून २०१८ मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, नवं रँकिंग आणलं. गंमत बघा, त्याचंही नाव 'नेट'! सुरुवातीला त्यात शहाणपणाची एक अट होती. दहा पॉइंट्सच्या पुढचा फरक मोजायचा नाही. दहानं जिंका नाहीतर चाळीसनं, 'फरक' या खात्यात भाव तोच. पण त्याच रँकिंगमध्ये 'कार्यक्षमता' नावाचं दुसरं खातं होतं, आणि त्याला टोपण नव्हतं. २०२० मध्ये फॉर्म्युला सुटसुटीत केला, तेव्हा दहाची अट गेली आणि कार्यक्षमता राहिली.

तिथल्या टीममध्ये 'वॉक-ऑन' म्हणून काही पोरं असतात. स्कॉलरशिप नाही, नाव नाही, रोज सराव मात्र सगळा. मोठी टीम तीस पॉइंट्सनं पुढे गेली की शेवटच्या दोन मिनिटांत यांना आत सोडायची रीत. त्यातल्या एकानं बास्केट टाकली की अख्खा बेंच उड्या मारतो. आमच्या मामेभावाची जातकुळी! आता कोचला विचार करावा लागतो. शेवटच्या दोन मिनिटांतला बॉलसुद्धा हिशेबात धरला जातो. पोरं आत सोडली आणि समोरच्यांनी आठ-दहा पॉइंट्स परत काढले, तर रँकिंगला चिमटा. मग स्टार खेळाडू तीसच्या लीडवरही घाम गाळत राहतात. त्यांना दुखापत झाली तर ती कुठल्या खात्यात धरायची, ते फॉर्म्युल्यात नाही.

कुणी म्हणेल, मग हा कॉलमच काढून टाका. थांबा! तो उगाच आलेला नाही. पॉइंट्स सारखे झाले तर काहीतरी लागणारच, नाणं उडवून सेमीफायनल ठरवली तर तुम्हीच दगड माराल. शिवाय एका रननं जिंकणारी आणि शंभर रननं जिंकणारी टीम सारख्या नसतात, हेही खरं. आणि रेटनं आपल्याला मजाही दिली आहे. आठवा, मे २०१४, वानखेडे. मुंबई इंडियन्सला राजस्थानचे १९० रन १४.३ ओव्हरमध्ये हवे होते. त्या बॉलवर स्कोअर बरोबरीत अडकला. मग कळलं, पुढच्या बॉलला बाउंड्री गेली तरी चालतंय. आदित्य तरेनं सिक्स ठोकला आणि राजस्थानचा मेंटॉर राहुल द्रविडनं टोपी जमिनीवर आपटली. द्रविडनं! हा कॉलम कुणाचाही तोल घालवू शकतो, याला आणखी काय पुरावा हवा?

पण ती मॅच बरोबरीच्यांची होती. एकतर्फी मॅचमध्ये हाच कॉलम वेडंवाकडं वागायला लावतो, कधीकधी अगदी उलटं. १९९९च्या वर्ल्ड कपमध्ये मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाला फक्त १११ हवे होते. स्टीव्ह वॉच्या टीमनं ते मुद्दाम रांगत काढले, ४०.४ ओव्हर घेतल्या. का? तर वेस्ट इंडिजचा रेट चांगला राहावा, ते पुढे यावेत आणि न्यूझीलंड बाहेर जावं, कारण आपले पॉइंट्स सोबत नेण्याचं गणित त्यात फायद्याचं होतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडनं स्कॉटलंडला पटकन लोळवलं आणि तेच पुढे गेलं. पिळायचं असो की रांगायचं, दोन्ही वेळा मैदानावर खेळत होता तो कॅल्क्युलेटरच.

मग करायचं काय? मला आपल्या मातीतल्या कबड्डीनं शोधलेली युक्ती आवडते. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ मध्ये. तेव्हापासून २०२४ च्या मोसमापर्यंत नियम होता. जिंकणाऱ्याला पाच पॉइंट्स, पण सात किंवा कमी फरकानं हरणाऱ्यालाही एक. म्हणजे दहानं मागे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला हात झटकून उभी राहत नसे. तीन पॉइंट्स काढले की एक आपला! मोजायचा तोच फरक, पण हत्यार हरणाऱ्याच्या हातात. २०२५ च्या मोसमात विजयाला दोन, पराभवाला शून्य असा सुटसुटीत हिशेब आला आणि हा एक पॉइंट गेला. मला तरी त्याची चुटपुट लागली.

म्हणजे प्रश्न मोजायचं की नाही हा नाहीच. काय मोजायचं आणि कुठं थांबायचं, हा आहे. आपसातला निकाल आधी बघा, फरक नंतर. फरकाला टोपण घाला, एका मर्यादेपुढे भाव नाही असं ठरवा. जुन्या जालन्यातल्या टूर्नामेंटलाही हे दोन नियम कागदावर लिहायला पाच मिनिटं पुरतील. मग आमच्या कॅप्टनला रिस्क न घेताही दिलेला शब्द पाळता येईल.

आणि हे सगळं मी लाइफस्टाइलच्या पानावर का लिहितोय? कारण उद्या सोमवार आहे, बॉस. क्वार्टर संपायला दहा दिवस आहेत आणि तुमच्या टीमचं टार्गेट पूर्ण झालंय. म्हणजे मॅच एकतर्फी. क्लायंटही सज्जन, ओळखीचा. चार महिन्यांपूर्वी आलेल्या ट्रेनीला प्रेझेंटेशन करू द्यायला याहून चांगली वेळ कुठली? पण शंभर टक्क्यांच्या वर एकशे वीसचा स्लॅब असतो, त्याच्या वर स्टार परफॉर्मर असतो, आणि एक्सेल शीटच्या शेवटच्या कॉलममध्ये तुमचं नाव अजून हिरवं व्हायचंय. मग प्रेझेंटेशन तुम्हीच करता. ट्रेनी प्रोजेक्टरची वायर जोडते आणि पाण्याच्या बाटल्या ठेवते.

पुढच्या वर्षी अवघड क्लायंट येईल, तुम्ही रजेवर असाल आणि तिला थेट खोल पाण्यात ढकललं जाईल. तेव्हा अप्रेझलमध्ये लिहायचं, 'कॉन्फिडन्स कमी पडतो.' कॉन्फिडन्स सोप्या मॅचमध्ये मिळतो हो, आणि त्या तर सगळ्या तुम्हीच खेळलात.

तेव्हा उद्या एक करा. जी मॅच तुम्ही आधीच जिंकली आहे, ती शोधा आणि उरलेल्या ओव्हर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. रेट थोडा पडेल. पडू दे.