विनोदाचा नेम कोणावर?

पुरुषाने स्त्रीवर, प्रेमावर आणि वासनेवर विनोद करावा की नाही, हा वाद साहित्याच्या वर्गात वारंवार निघतो आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, विनोद आहे, विनोदासारखा घ्या. दुसरा म्हणतो, असले लेखन अभ्यासक्रमातून हद्दपार करा. आम्हांला दोघेही सारखेच आळशी वाटतात. मूळ लेखन वाचण्याचे कष्ट दोघांनाही नकोत.

आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह १९२५ सालचा. त्यातली 'प्रेमाचा गुलकंद' पाहा. प्रियकर नेमाने गुलाब आणून देतो आणि ती त्या फुलांचा गुलकंद घालते! हसे होते ते प्रियकराचे. फुलांचा अर्थ त्याने परस्पर ठरवला. तिला विचारण्याची गरज त्याला भासली नाही. पुरुषी प्रेमातला हा अहंकार अत्र्यांनी हसत हसत उघडा पाडला.

राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने ठकीच्या लग्नाची मोहीम रंगवली. लग्नाच्या बाजारावर त्यांनी केलेला मारा जबरदस्तच आहे. पण त्याच ओघात ठकीच्या रूपावरही हशा पिकतो, आणि जिच्यासाठी एवढी मोहीम, तिच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला उमगत नाही. गडकऱ्यांच्या प्रतिभेला वंदन करूनही हे सांगावेच लागेल.

आमची कसोटी साधी आहे. लिहिणारा पुरुष स्वतः विनोदाच्या माऱ्यात उभा आहे काय? अभिलाषा कोणालाही हास्यास्पद करते. हे स्वतःपुरते कबूल करणारा विनोदकार ठरतो. बायकोचे लाटणे, तिच्या साड्या आणि तिचे माहेर एवढ्या भांडवलावर पाने भरणारा मात्र कट्ट्यावरचा टवाळच राहतो, मग त्याची पाने दिवाळी अंकात का छापून येईनात.

आणि उत्तर देणाऱ्या स्त्रीचे काय? ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्यांनी तिखट उपरोधाने पुरुषांच्या पदरात घातला. विस्मरणात गेलेले ते पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. तरीही ताराबाई भेटतात त्या स्त्रीवादाच्या प्रकरणात; विनोदाच्या तासाला त्यांचे नाव क्वचितच निघते. स्त्रीने उपरोध केला की ती तक्रार, पुरुषाने केला की तो विनोद, अशी ही वाटणी कोणी केली? अध्यापक म्हणून आम्हीच केली, आणि मोडायचीही आम्हीच आहे.

अत्रे, गडकरी आणि ताराबाई एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवावेत. वर्गातल्या मुली मनापासून हसतात की केवळ शिष्टाचार म्हणून, हे समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसत असते. तेवढे दिसूनही जो पुढचे पान उलटतो, त्याला विनोद कळलेला नाही.