मालक की कारभारी?

रविवारच्या मिस्सेत दानाची पिशवी समोर आली की तीत नोट टाकावी, चर्चच्या सणाला देणगी द्यावी, म्हणजे देवाचा हिशेब चुकता झाला आणि उरलेला पैसा आपल्या मर्जीचा, असा एक सोयीस्कर समज आपल्या समाजात रुजला आहे. हा समज ख्रिस्ती नाही, हे आम्हांला स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

धनाविषयी बोलताना प्रभू येशूने कारभाऱ्याचा दाखला दिला. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो तो साऱ्या कारभाराचा, त्यातल्या दहाव्या हिश्शाचा नव्हे. बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकऱ्याने कोणाला लुबाडले होते, असे प्रभू म्हणत नाही. पीक त्याच्याच जमिनीतले होते. परंतु कोठारे वाढविताना त्याला स्वतःखेरीज कोणीच आठवले नाही, हा त्याचा दोष. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच शिकविले की, पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे आणि न्यायाने मिळविलेली वस्तूही माणसाने केवळ आपलीच मानू नये.

आपल्या वसईचेच पाहा. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी येथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. एकाच्या ठेवीतून दुसऱ्याची नड भागावी, हे सहकाराचे तत्त्व. कारभारीपण म्हणतात ते हेच. आज त्याच वसईत वाडी विकून आलेला पैसा कोठे जातो? वाडवडिलांनी रहाटाच्या पाण्यावर जगविलेली जमीन एका सहीने जाते आणि तिचे मोल मंडप, बँड, रोषणाई व जेवणावळींत चार दिवसांत विरून जाते. नातवंडांच्या हाती उरतो तो लग्नाचा आल्बम.

“पैसा आमचा, तुम्हांला काय त्याचे?” असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ही उधळपट्टी तुमच्या अंगणात थांबत नाही. ऐपत नसलेला शेजारी लाजेखातर तिचे अनुकरण करतो आणि कर्जात बुडतो. मग आनंद साजरा करूच नये काय? अवश्य करावा. काना गावच्या लग्नाला प्रभू स्वतः हजर होता. मात्र त्याने त्या घरची लाज राखली. आपल्या लग्नांनी शेजाऱ्याला लाजविले जाते.

हाच न्याय ख्रिस्तसभेलाही लागू आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक आहे (कलम ५३७), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. तेव्हा हिशेब मागणे हा धर्मगुरूंचा अवमान नव्हे. जेथे तो दिला जात नाही, तेथे काटकसरीवरील प्रवचन कोणाच्या मनाला भिडणार?

आमची विनंती साधी आहे. लग्न ठरले की खर्चाची मर्यादा आधी ठरवावी आणि वाचलेल्या रकमेतून वाड्यातील एखाद्या मुलाची फी भरावी. वाडीतल्या मजुराचा रोज त्याच संध्याकाळी चुकता करावा. जमीन विकणे अटळच असेल, तर त्या पैशात पुढच्या पिढीचा वाटा राखून ठेवावा. दानाच्या पिशवीत पडलेली नोट यांपैकी कशाचीही भरपाई करू शकत नाही.