डोंगराकडे पाठ

परदेशाहून परतलेल्या कुटुंबाकडे हल्ली भेटीस गेले की चहाच्या आधी छायाचित्रे पुढे येतात. आल्प्सची शिखरे, निळी तळी, उंच मनोऱ्यांची चर्चे, सारे त्यांत असते. आणि प्रत्येक चित्राच्या मध्यभागी यजमान असतात. तोंड यंत्राकडे, पाठ डोंगराकडे! आयुष्याची पुंजी वेचून ज्याच्या दर्शनाला गेलो, त्याच्याकडे पाठ फिरवूनच आपण परततो, असे आम्ही म्हटले तर वाचकांनी रागावू नये.

ऑस्ट्रियातील हालश्टाट या गावाचे उदाहरण घ्या. तळ्याकाठी वसलेल्या या गावाची वस्ती जेमतेम साडेसातशे; पण ऐन मोसमात एका दिवसात दहा हजारांपर्यंत पाहुणे तेथे उतरतात. मे २०२३ मध्ये, छायाचित्रांसाठी जेथे झुंबड उडते तेथे लाकडी कुंपण उभारून, गावाने आपलेच सृष्टिसौंदर्य झाकले. टीका होताच ते काढले गेले. पुढच्याच वर्षी जपानमधील एका गावाने फुजी पर्वत दिसू नये म्हणून अडीच मीटर उंचीचा काळा पडदा लावला. ज्या सौंदर्यासाठी देवाचे आभार मानायचे, ते झाकण्याची पाळी गावकऱ्यांवर यावी, हा दोष कुणाचा?

त्याच हालश्टाटमध्ये कॅथलिक चर्चलगत एक चिमुकली दफनभूमी आहे. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी अस्थी उकरून, कवट्यांवर फुलेपाने व मृतांची नावे रंगवून त्या जवळच्या अस्थिगृहात ठेवण्याची तेथे रीत होती. सहाशेहून अधिक रंगवलेल्या कवट्या तेथे आहेत. शेवटची १९९५ मध्ये ठेवली गेली. ख्रिस्तशरीराच्या सणाला या गावाची मिरवणूक होड्यांतून तळ्यावर निघते. आपल्या चित्रातली पार्श्वभूमी ही अशी कुणाची तरी आजी असते, कुणाची तरी प्रार्थना असते. तिच्यापुढे हसत उभे राहण्याआधी आपण क्रुसाची खूण तरी करतो काय?

कुणी म्हणेल, "फादर, आठवणी जपायच्या नाहीत का? घरी खाटेवर असलेल्या आईला दाखवायचे नाही का?" जरूर दाखवावे. प्रतिमेचे वावडे आपल्या धर्मसभेला कधीच नव्हते. पण आईला डोंगर दाखवणे वेगळे आणि शेजाऱ्याला आपण दाखवणे वेगळे. पहिल्यात प्रेम आहे, दुसऱ्यात मिरवणे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्रालाही तो क्षण बांधून ठेवायचा होता. तीन मंडप उभारू म्हणाला. प्रभूने त्याला मंडप बांधू दिले नाहीत, खाली माणसांत आणले. आणि जे पाहिले ते एवढ्यात कुणाला सांगू नका, असेही बजावले. आपल्याला तर डोंगर उतरेपर्यंतही धीर निघत नाही!

हा दोष केवळ परदेशातला नव्हे. वसईच्या किल्ल्यात, पडक्या चर्चमध्ये, कोरीव थडग्यांच्या शिळांजवळ नटूनथटून छायाचित्रे काढून घेणारी जोडपी पाहिली की आपण हळहळतो. ती आपल्या पूर्वजांची प्रार्थनास्थळे, म्हणून आपल्याला लागते. मग हालश्टाटच्या माणसाला काय वाटत असेल, हे वसईकराला वेगळे समजावून सांगावे लागू नये. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेला देशाची सीमा नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पोहोचताच यंत्र पिशवीत राहू द्या. आधी डोळे भरून पाहा, मुलांना पाहू द्या, त्या निर्मात्याचे नाव घ्या. मग चित्र काढा. मिस्सा चालू असता व थडग्यांपाशी ते काढूच नका. माणसाचे काढायचे तर त्याला विचारून काढा. आम्हीही या दोषातून सुटलेलो नाही. आमच्या कपाटातल्या जुन्या आल्बममध्ये रोम आहे, लूर्द आहे, आणि सगळीकडे आम्हीच पुढे उभे आहोत. आमच्या मागे नेमके काय होते, हे आज आम्हाला धड आठवत नाही.