विश्लेषण : रॉबर्ट ओवेन यांचे स्वप्न फसले, मग सहकार कसा टिकला?

स्पर्धेऐवजी सहकार्यावर चालणारी गावे वसवली तर समाज बदलेल, असे १९व्या शतकातील काही विचारवंत मानत. मार्क्स-एंगल्स यांनी त्यांना स्वप्नाळू म्हणजे ‘युटोपियन’ समाजवादी ठरवले. रॉबर्ट ओवेन हे त्यांतील ठळक नाव.

ओवेन यांनी काय केले?

१८०० मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीची सूत्रे हाती घेतली. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबवले, शाळा काढली, कामाचे तास कमी केले. तरीही गिरणी नफ्यात राहिली. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, हा त्यांचा विश्वास पक्का झाला.

न्यू हार्मनीत काय बिघडले?

१८२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात न्यू हार्मनी हे वसलेले गावच विकत घेतले. येईल त्याला प्रवेश मिळाला. शेकडो लोक आले, पण कुशल कारागीर कमी पडले. मालमत्ता कोणाची, कोणाच्या कामाचे मोल किती, यावर वाद झाले. नियमावली वारंवार बदलली. १८२७ मध्ये प्रयोग संपला. ओवेन यांची बरीचशी संपत्ती त्यात गेली.

रॉशडेल वेगळे का ठरले?

१८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉशडेलच्या २८ जणांनी छोटे दुकान उघडले. त्यात विणकर होते, ओवेनवादीही होते. माल मोजका : लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या. नियम मात्र स्पष्ट : व्यवहार रोखीने, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्यात वाटा. स्वावलंबी वसाहत उभारण्याचे ओवेन यांचे ध्येय त्यांच्या उद्दिष्टांतही होते. फरक इतकाच की सुरुवात गावापासून नव्हे, किराणा मालापासून झाली.

आज धडा काय?

न्यू हार्मनी एका उदार माणसाच्या पैशावर उभी होती. रॉशडेल सभासदांच्या भागभांडवलावर आणि हिशेबावर. महाराष्ट्रातील पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने याच दुसऱ्या वाटेचे वारसदार. म्हणूनच सभासद वार्षिक सभेला फिरकत नाही, ताळेबंद वाचत नाही आणि कारखाना ‘साहेबांचा’ म्हणून ओळखला जातो, तेव्हा काळजी वाटायला हवी. दाता कितीही भला असो, मालकी एकाची झाली की सहकार फक्त पाटीवर उरतो.