काशीची ‘रिकामी’ जमीन

नगराचा विस्तार होऊ लागला म्हणजे प्रथम दृष्टी जाते ती तळी आणि नदीकाठचे वाळवंट यांकडे. तेथे घर नाही, पीक नाही. म्हणून ती जमीन रिकामी मानली जाते. वास्तविक अशी जमीन रिकामी नसते. माती, पाणी व जीव यांच्या परस्परावलंबी मांडणीस परिसंस्था म्हणतात आणि तिच्याकडून मनुष्यास विनामूल्य मिळणाऱ्या लाभांस तिच्या सेवा. या सेवांचा हिशेब न ठेवल्यास काय होते, ते वाराणसीत दिसून येते.

जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० साली तेथील टांकसाळीत आला. १८२२ मध्ये त्याने शहराचा नकाशा तयार केला. त्या काळी शहराच्या उत्तर भागात मत्स्योदरी, मंदाकिनी इत्यादी मोठी तळी होती. पावसाळ्यात गंगा फुगली की तिचे पाणी वरुणेतून उलटे चढून या तळ्यांत शिरे व पूर ओसरल्यावर सावकाश परत जाई. प्रिन्सेपने भूमिगत मोरी बांधून तळ्यांचे पाणी गंगेत सोडले. आरोग्य सुधारावे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु पाण्याबरोबर मासे, बेडूक व पाणपक्षी यांचा आश्रय गेला. पुरास सामावून घेणारी आणि पाणी जमिनीत मुरविणारी जागाही गेली. आज तेथे उद्याने, रस्ते व वस्ती आहे. मछोदरी आणि मैदागिन ही नावे तेवढी उरली आहेत.

गंगेच्या पूर्व तीराची कथाही अशीच आहे. काशीस गंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरील उंच तीरावर भोसले, शिंदे, होळकर आदींनी बांधलेले घाट आहेत. आतील बाजूस प्रवाह मंदावतो व वाळू साठते. अशा वाळूत कासवे अंडी घालतात. मांसाहारी कासवे मृतावशेष खाऊन पाणी स्वच्छ राखण्यास साहाय्य करतात. म्हणूनच १९८९ साली रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा ७ किलोमीटरांचा पट्टा कासव अभयारण्य घोषित झाला आणि सारनाथच्या केंद्रात वाढविलेली कासवे गंगेत सोडण्यात आली. २०२० साली हे अभयारण्य रद्द करून प्रवाहाच्या वरील अंगास, प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांत, ३० किलोमीटरांचा पट्टा राखण्यात आला.

वाळूउपसा थांबल्याने वाळूचा थर वाढतो, प्रवाहाचा दाब घाटांवर येतो आणि नौकानयनास अडथळा होतो, असे आक्षेप जुन्या अभयारण्यावर होते. ते तपासून पाहण्याजोगे होते, यात शंका नाही. तथापि अभयारण्य कागदावर हलविता येते, वाळवंट हलविता येत नाही. २०२१ साली या वाळूत एक कालवा खणण्यात आला आणि त्याच वर्षीच्या पुराने तो वाळूने भरून टाकला. नदीने आपली जागा सोडलेली नव्हती.

मनुष्यास घरे, रस्ते व बंदरे हवीत, हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न इतकाच की, जमिनीचा उपयोग बदलण्यापूर्वी तिचे चालू काम कोणते, याची नोंद होते काय? तळे किती पाणी झेलते, वाळूत कोण अंडी घालते, ओढा कोणत्या विहिरींस पाणी पुरवितो, ही नोंद प्रत्येक योजनेबरोबर नागरिकांसमोर ठेवली जावी. काशीतील उरलेली कुंडे आणि वरुणेचा काठ यांपासून या कार्यास आरंभ करता येईल. तळे बुजविण्यास एक पिढी पुरते. त्याचे काम अन्य मार्गाने करवून घेण्याचा खर्च मात्र पुढच्या अनेक पिढ्यांस सोसावा लागतो.