साक्षीदाराविना साक्ष

एखादी कादंबरी पडद्यावर आली, की मूळ कथेतील किती प्रसंग राखले आणि किती गाळले याचा जमाखर्च मांडून निकाल देण्याचा प्रघात पडून गेला आहे. परंतु ‘उमिनेको नो नाकु कोरो नि’ या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलच्या रूपांतरांपुढे हा जमाखर्च निरुपयोगी ठरतो. र्‍यूकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाने २००७ ते २०१० या काळात आठ भागांत प्रसिद्ध केलेली ही कृती संगणकावर वाचावयाची आहे: मागे चित्र, सोबत संगीत, आणि वाचकाने कळ दाबली तरच पुढे सरकणारा मजकूर.

कथेचा सरंजाम सर्वस्वी गॉथिक आहे. ऑक्टोबर १९८६, वादळाने जगापासून तोडलेले रोक्केनजिमा बेट, गुलाबांच्या बागेतील पाश्चात्त्य धाटणीचा वाडा, मरणपंथाला लागलेला धनाढ्य कुलपती किन्झो आणि वारशावर डोळा ठेवून जमलेली त्याची मुले, भिंतीवर बेआत्रिचे नामक चेटकिणीची तसबीर, आणि मग एकामागून एक पडणारे मुडदे. हे खून चेटकिणीचे की मनुष्याचे, हाच खटला. आणि किन्झोचा नातू बॅटलर त्यात मनुष्याच्या बाजूने दावा लढवितो.

मौज अशी, की येथे निवेदनच संशयित आहे. किन्झोची नऊ वर्षांची नात मारिया भर पावसात बागेत एकटी राहते आणि सापडते तेव्हा तिच्यापाशी छत्री असते. पुढे सर्व मंडळी एकत्र असता ती चेटकिणीचे म्हणून एक पत्र काढून वाचते. दोन्ही वस्तू बेआत्रिचेने दिल्या, एवढीच तिची जबानी. देणारा हात वाचकाने पाहिलेला नसतो. नंतरच्या भागांत जादूचे प्रसंग सविस्तर येतात, तेथेही ‘हे पाहिले कोणी?’ असे विचारणाराच खरा वाचक. तांबड्या अक्षरांतील विधान तेवढे पुराव्याविना सत्य मानावे, असा कायदा लेखकाने घालून दिला आहे. बाकी साऱ्या मजकुराची उलटतपासणी वाचकाने करावयाची.

स्टुडिओ डीनने २००९ साली काढलेली सव्वीस भागांची अॅनिमेशन मालिका मूळ कृतीच्या पहिल्या चार भागांवरच थांबली, म्हणजे फिर्याद नोंदली गेली आणि निकाल राहून गेला. परंतु ही अपूर्णता माझ्या मते दुय्यम होय. खरे व्यंग असे, की शब्दांमागे सांगणारा असतो हे आपण विसरत नाही, पण डोळ्यांसमोर घडणाऱ्या चित्रामागे कोणी असेल अशी शंकाही सहसा आपल्या मनाला शिवत नाही. आणि मालिकेचे चित्र तर आपल्यासाठी थांबतही नाही.

उलट याच कृतीचे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथेतील, रूपांतर वाचताना चौकटीपाशी रेंगाळता येते, मागील पान पुन्हा तपासता येते. मूळ लेखकाने आडपडद्याने सुचविलेला गुन्हेगाराचा कबुलीजबाब केई नात्सुमी यांनी चितारलेल्या आठव्या भागात उघडपणे येतो. हा उघडेपणा काही निष्ठावंतांना खटकतो. परंतु सात भाग उलटतपासणी करीत आलेल्या वाचकाला निकालपत्र मागण्याचा हक्क आहे, असेच मी म्हणेन.

आता दोष माध्यमावर ढकलण्याची सोय मात्र जपानी चित्रपटानेच ठेवलेली नाही. अकिरा कुरोसावा यांनी १९५० सालच्या ‘राशोमोन’मध्ये एकाच मृत्यूच्या परस्परविरोधी जबान्या पडद्यावर मांडल्या, आणि प्रत्येक वेळी जबानी देणाऱ्यास आपल्यासमोर आणून बसविले. साक्षीदार दिसला म्हणून साक्षीवर संशय घेता आला. म्हणून यापुढे कोणी ‘उमिनेको’ला हात घालील, त्याने प्रसंगांची यादी करण्यापूर्वी प्रत्येक प्रसंगाचा साक्षीदार मुक्रर करावा.