गच्चीवर मध पिकत नाहीं

दादर येथील एका एकत्र कुटुंबांतील वाचकभगिनी लिहितात कीं, धाकट्या दिरांची नोकरी सुटली आहे. वाईकडे वडिलोपार्जित जमीन आहे. तेथें मधमाशांच्या पेट्या ठेवून धंदा करावा असें त्यांच्या मनांत आहे. सासूबाईंची अट एकच, मुलानें घर सोडूं नये. पेट्या गड्याच्या हवालीं कराव्या व महिन्याकांठीं एक फेरी मारावी. दोन पेट्या दादरच्या गच्चीवरही ठेवाव्या काय, असाही प्रश्न आहे.

गच्चीचें उत्तर लगेच देतों. दादरच्या फूलबाजारांत पहांटे राशी पडतात खऱ्या, परंतु त्या तोडलेल्या फुलांच्या. माशीला झाडावरचें फूल हवें, आणि शेजाऱ्यांना निर्धास्तपणें वाळवण घालावयास गच्ची हवी.

वाईचा विचार मात्र पोक्त आहे. तेथून महाबळेश्वर जवळ. त्या भागांत जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या फुलोऱ्यावर हा धंदा कित्येक वर्षें चालला आहे. तेथील मांघर हें गांव २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. पेटींत पाळावयाची ती देशी सातेरी माशी; आग्या माशी उघड्यावर एकच मोठें पोळें बांधते, ती पेटींत नांदत नाहीं. पेटीची युक्ति लँगस्ट्रॉथ नांवाच्या अमेरिकन पाद्र्याला १८५१ सालीं सुचली. दोन चौकटींमध्यें माशीच्या जाण्यायेण्यापुरतीच फट ठेविली तर माशा ती बुजवीत नाहींत. मग चौकट अलगद काढावी, यंत्रांत फिरवून मध वेगळा करावा आणि पोळें परत ठेवावें. अंड्यापिल्लांसकट पोळें पिळण्याचें पाप टळतें. एका पेटीस वर्षाला पांचदहा किलो मध आला तर समाधान मानावें.

खरी परीक्षा पावसाळ्याची. महाबळेश्वरास दोनशें इंचांवर पाऊस पडतो. फुलें थोडीं, आणि माशीला बाहेर पडण्याचीही सोय नाहीं. तेव्हां साखरेचा पाक द्यावा लागतो, झांकण उघडून मेणकिडा लागला काय तें वरचेवर पहावें लागतें. सातेरी मोठी मानी. अन्न तुटलें कीं सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. आम्हीं हें पैसे मोजून शिकलों. घांटाखालीं आप्तांच्या परसांत दोन पेट्या ठेवून आम्हीं मुंबईस परतलों, गड्याला पाक कसा करावा तें कागदावर लिहून दिलें, आणि श्रावणांत जाऊन पाहतों तों एका पेटींत नुसतीं जाळीं! गड्याचा दोष नव्हता; त्याची लावणी चालली होती.

म्हणून सासूबाईंची अट आम्हांस मान्य करतां येत नाहीं. महाबळेश्वरास खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे, पुण्यास १९६२ सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. दिरांनीं आधीं तेथें शिकावें, मग दोनच पेट्या घ्याव्या व एक सबंध पावसाळा वाईसच काढावा. आश्विनांत दोन्ही पेट्या नांदत्या राहिल्या तर आम्हांस कळवावें. पुढच्या दहांचा हिशेब तेव्हां मांडूं.